किती झालं?

पावसाळ्यात सांगलीतली माणसं एकमेकांना भेटली की "कसं काय?" विचारत नाहीत. "किती झालं?" विचारतात. किती म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. १९२९ सालचा हा पूल आमच्यासाठी पुलापेक्षा फूटपट्टी जास्त आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. दुधवाला, रिक्षावाला, बँकेतला कॅशियर, सगळे हे आकडे पाठ असल्यासारखे बोलतात. पुण्यात माझ्या ऑफिसमध्ये लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात, तसं.

पण पुलावरचा आकडा प्रत्येक घरासाठी वेगळा असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागात ४० फूट व्हायच्या आधीच पाणी शिरतं. तिथल्या लोकांना धोका पातळीची वाट बघायची चैन परवडत नाही. आमचं घर गावभागात, जरा उंचावर. पाणी ५२ च्या आसपास गेलं की उंबऱ्याला लागतं. हा ५२ चा आकडा कुठल्या सरकारी कागदावर नाही. तो आमच्या घरात आहे, जसा आजीचा लोणच्याच्या मिठाचा अंदाज घरात आहे. गावातल्या प्रत्येक घराकडे असा एक आकडा असतो आणि तो तोंडी चालत येतो.

पूर आमच्याकडे नेहमीच शत्रू होता असं नाही. नरसोबाच्या वाडीला पाणी चढून दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, तेव्हा लोक त्या पाण्यात अंघोळीला गर्दी करतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. माझी आजी पाणी चढलं की घाटावर जाऊन कृष्णामाईची ओटी भरायची. नदी माहेरवाशिणीसारखी येते, चार दिवस राहते, जाते, असा तिचा हिशोब. माहेरवाशीण कुठल्या खोलीपर्यंत येणार, तेही ठरलेलं.

ते ठरलेलं २००५ मध्ये पहिल्यांदा मोडलं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. पाणी ५४ च्या आसपास गेलं आणि आमच्या पुढच्या खोलीत माझ्या कमरेपर्यंत आलं. उतरल्यावर भिंतीवर गाळाची एक सरळ रेघ राहिली. पप्पांनी रंग देताना ती रेघ मुद्दाम ठेवली. नंतरची चौदा वर्षं ती रेघ आमच्या घरातली सगळ्यात भरवशाची वस्तू होती. फ्रिजचा स्टँड, विजेचे बोर्ड, कपाटाचा खालचा कप्पा, सगळं तिच्या वर. आलेल्या पाहुण्यांना ती दाखवायची आणि म्हणायचं, "एवढं आलं होतं." त्यात थोडा अभिमानही असायचा.

२०१९ च्या जुलैत मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागले. त्या वर्षी जूनमध्ये देशभर पावसाने दडी मारली होती. सरासरीपेक्षा ३३ टक्के कमी पाऊस. आमच्याच जिल्ह्यात जत, आटपाडीकडे त्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे टँकर चालू होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळला की कोयना, वारणा, राधानगरी सगळीकडून एकदम पाणी सुटलं. मी दर दोन तासांनी फोन करत होते. पप्पा शांत होते. "५० झालंय. ५४ च्या वर काय जात न्हाई. सामान कॉटवर आणि टेबलावर चढवलंय, रेघेच्या वर हाय सगळं. तू काम कर तुझं."

पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं.

हिशोब साधा आहे. रेघेच्या वर साडेतीन फूट. कॉट बुडली, टेबल बुडलं, टेबलावर उचलून ठेवलेला फ्रिज तरंगून दाराला आडवा झाला. पप्पा, आई आणि आजी माडीवर तीन दिवस होते. वीज नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोनही बंद. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, म्हणजे मी निघूनही पोचू शकत नव्हते. मी पुण्यात एसीत बसून टीव्हीवर माझ्याच गावाच्या छपरांची ड्रोन दृश्यं बघत होते आणि आमचं छप्पर शोधत होते. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसकट लोक बुडाले. ती बातमी बघितल्यावर "बोट आली तर बसा" असं सांगायला फोन लागला नाही, याचं मला क्षणभर बरं वाटलं. माझे लोक चौथ्या दिवशी बोटीनेच बाहेर आले. आजीच्या मांडीवर एक पिशवी होती, त्यात देव, औषधं आणि माझी दहावीची मार्कलिस्ट.

त्यानंतर गावात एकच चर्चा होती, चूक कुणाची. कुणी म्हणे अलमट्टी, कुणी म्हणे कोयनेतून पाणी उशिरा सोडलं. सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला दोष दिला नाही, पण तो वाद चहाच्या टपरीवर अजून जिवंत आहे. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसत राहिली. पप्पांनी काहीही निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांच्याकडे जी माहिती होती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर होता. माहितीच जुनी झाली होती.

मी रोज मॉडेलवर काम करते. मॉडेल म्हणजे शेवटी काय, मागे जे घडलं त्यावरून पुढचं ओळखायचं. त्यामागे एक न बोललेली अट असते. ज्या जगातून जुनी माहिती आली, पुढचं जगही साधारण तसंच असेल. ती अट मोडली की मॉडेल बंद पडत नाही, लाल दिवा लावत नाही. ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देत राहतं. आमच्या भिंतीवरची रेघ म्हणजे एका निरीक्षणावर शिकलेलं मॉडेल होतं.

आणि आभाळाने अट मोडली आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. हे साधं भौतिकशास्त्र आहे, बारावीत शिकवलेलं. कोळसा आणि तेल जाळून आपण हवा तापवली, अरबी समुद्र तापवला, आणि तो समुद्र आता मोसमी वाऱ्यांना जास्त बाष्प पुरवतो. पुण्यातल्या आयआयटीएमचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. याच काळात तिथला एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत होता. म्हणजे आभाळ आधी हात आखडतं आणि मग एकदम ओतून मोकळं होतं. जूनमध्ये टँकर आणि ऑगस्टमध्ये बोट, हे एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी घडतं ते असं. धरणावर बसलेल्या माणसाची कोंडीही तीच आहे. रिकामं ठेवलं आणि पाऊस गेला तर जतला काय सांगणार? भरून घेतलं आणि घाटावर आभाळ फाटलं तर सांगलीला काय सांगणार?

गेल्या वर्षी मी पुण्यात फ्लॅट बघत होते. एका ठिकाणी बाल्कनीतून नदी दिसत होती. ब्रोकर म्हणाला, "मॅडम, रिव्हर व्ह्यूचे लोक जास्त पैसे देतात." मी पूररेषेचं विचारलं. तो हसला, "ती शंभर वर्षांतून एकदा असते."

नदीकाठच्या नकाशांवर दोन रेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकायला वाटतं, आत्ता आला की पुढची ९९ वर्षं सुट्टी. तसं नाही. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज घ्या. तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता १८ टक्के निघते. निळ्या रेषेवर घर असेल तर ५६ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. आणि हे गणित जुन्या पावसावर बेतलेलं. शंभरातला एक पूर बदलत्या पावसात चाळिसातला एक झाला असेल, तर १८ चे ४० होतात. रेषा नकाशावर तिथेच असते, फक्त तिचा अर्थ सरकलेला असतो. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, तेव्हा तिथेही लोक आपल्या पार्किंगमधली जुनी खूण आठवत असतील.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी सूर्यवंशी प्लॉटजवळ भाड्याने राहतात. त्यांचा आकडा आमच्यापेक्षा खूप आधी लागतो. जवळजवळ प्रत्येक मोठ्या पावसात त्या गॅसची टाकी, शेगडी आणि पोरांची दप्तरं घेऊन शाळेतल्या निवारा केंद्रात जातात. मी एकदा विचारलं, "मावशी, दुसरीकडे खोली का नाही बघत?" त्या म्हणाल्या, "वरच्या अंगाला भाडं दुप्पट हाय बाई. पाणी वर्षातनं एकदा येतंय, भाडं दर म्हैन्याला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नदीपासूनची उंची शहरात विकत घ्यावी लागते. ज्यांनी हवा सगळ्यात कमी तापवली, ते सगळ्यात खाली राहतात.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, पुन्हा २००५ च्या घरात गेलं. आम्ही त्या वेळी दोन दिवस आधीच बाहेर पडलो होतो. पप्पा तयार नव्हते. आजीने त्यांना गप्प केलं. "आपल्याला ठावं हाय तेवढंच पाणी येतंय, असं कुणी सांगितलं?" आयुष्यभर पायऱ्या मोजून पूर ओळखणारी बाई हे म्हणाली. माझ्या सगळ्या गणितापेक्षा ते वाक्य पुढचं आहे. आपलं ज्ञान कुठे संपतं हे ओळखणं जुन्या माणसांना जमत नाही, असं आम्ही कॉम्प्युटरवाले उगाच समजतो.

तेव्हापासून घरात एक नियम आहे. आमचा उंबरा ५२ ला लागत असला तरी ४० झाले की निघायचं. बारा फूट आधी. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या डब्यात, फ्रिज माडीवर, आणि तिघं विश्रामबागला आत्याकडे. २०२४ ला पाणी चाळिशीच्या आसपास येऊन उतरलं. फ्रिज चढवायला आणि उतरवायला हमालांना पैसे गेले, पप्पांच्या पाठीत उसण भरली, शेजाऱ्यांनी चेष्टा केली. "काय, सहल झाली का?" पप्पा फोनवर माझ्यावर वैतागले, "उगाच फुकट खेप झाली."

मी त्यांना सांगितलं, अजून बऱ्याच खेपा फुकट जाणार आहेत. दहातल्या नऊ जातील. मावशींना मात्र हा नियम लागू होत नाही. त्यांचे ४० पाणी घरात शिरल्यावर होतात. म्हणून यंदा आम्ही आमच्या माडीवरची मागची खोली जूनमध्येच रिकामी केली. मावशींचं धान्य आणि पोरांची पुस्तकं पावसाळाभर तिथे राहतात. आजीने त्या खोलीची किल्ली मावशींकडेच दिली आहे.