टाकळा

भातसेच्या काठी, खडवलीला, पावसाबरोबर टाकळा नुसता माजतो. कोवळा असेतो भाजी. पुढे त्याला कोणी विचारीत नाही. संस्कृतात मात्र तो ‘दद्रुघ्न’, गजकर्णाचा नाश करणारा! हा दावा प्रयोगशाळेत पारखतात तो असा: काचेच्या बशीत अगारवर गजकर्णाची बुरशी पेरायची, खळगा पाडून त्यात टाकळ्याचा स्पिरिटात काढलेला अर्क घालायचा. लागू पडला तर भोवती बुरशी उगवत नाही; स्वच्छ कडे उमटते. शेजारच्या खळग्यात नुसते स्पिरिटही हवेच. नाहीतर मारणार स्पिरिट आणि मिरवणार टाकळा! ते कडे पाहून मी हरखतो खरा. पण बशीला कातडी नसते, खाज नसते. वाडीतली आजी पाला वाटून नातवाच्या मानेला लावते, तेव्हा मी तिला अडवीत नाही. दवाखान्याची वेळ तेवढी सांगून ठेवतो.