परगावची प्रार्थना

लष्कर हा शब्द ऐकताच पुणेकराच्या डोळ्यांपुढे रुंद रस्ते, बेकऱ्या आणि चर्चचे मनोरे उभे राहतात. म्हैसुरास बदलून येणाऱ्या मराठी मंडळींना तेथील लष्कर मोहल्ला एकदम परका वाटत नाही, त्याचे श्रेय या एका शब्दास द्यावयास हवे. नावापुढे मात्र ती ओळख सरकत नाही. पाट्या कन्नड, कानी पडणाऱ्या बोली निरनिराळ्या, आणि अशोक रस्त्यावर सर्व छपरांच्या वर डोके काढून उभे असलेले संत फिलोमिनाचे कॅथेड्रल. आम्ही ख्रिस्ती नाही. तरी रविवारी सकाळी त्या आवारात जमणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी आम्हांला बरेच दिवस विचारात पाडले आहे. घरापासून दूर राहणाऱ्याने आपल्या धर्माचे आणि आपल्या भाषेचे काय करावे, हा प्रश्न त्यांचा आहे तितकाच तो आपलाही आहे.

या देवालयाचा इतिहास पाहुणचाराचा आहे. तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या काळात, १८४३ साली, येथे एक लहान चर्च बांधले गेले. पुढे १९२६ साली राजदरबारातील थंबू चेट्टी यांना संत फिलोमिनाचा पवित्र अवशेष मिळाला, आणि १९३३ च्या ऑक्टोबरात चौथ्या कृष्णराज वडियारांनी नव्या मंदिराची कोनशिला बसविली. राजा हिंदू, बिशप फ्यूगा फ्रेंच, आराखड्याची प्रेरणा जर्मनीतील कलोनच्या कॅथेड्रलची, आणि सुमारे १७५ फूट उंचीचे जुळे मनोरे उभे राहिले ते कावेरीच्या मुलखात! परक्याला जागा देण्याचा धडा याहून ठसठशीत कोठे मिळावा?

ज्या संतेचे नाव या वास्तूला लाभले, ती कोवळ्या वयाची हुतात्मा मानली जाते. १८०२ साली रोमच्या भुयारी दफनभूमीत तिचे थडगे सापडले. त्यातील अस्थी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या असाव्यात, असे त्या वेळी ठरले. पुढे इतिहासाचा पुरावा तोकडा पडला आणि १९६१ साली रोमने तिचा सण धर्मपंचांगातून वगळला. म्हैसुराने मात्र तिला निरोप दिला नाही. चर्चचे नाव कायम राहिले. बन्नीमंटपात १९४६ साली निघालेल्या कॉलेजचेही राहिले. तळघरातील तिच्या पहुडलेल्या मूर्तीपुढे परीक्षेच्या तोंडावर मेणबत्ती लावणाऱ्या मुलीला पंचांगाची चौकशी करावीशी वाटत नसावी. तिला हवी असते ती आपल्याच वयाची एक सोबतीण.

विद्यार्थ्याला अशी सोबत लागते, हे कॅथॉलिक धर्मसंस्थेने फार पूर्वी ओळखले. अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठातील कॅथॉलिक विद्यार्थ्यांनी १८९३ साली कार्डिनल न्यूमनच्या नावाने आपले मंडळ काढले. आपल्याकडे १९२४ साली तिरुचिरापल्लीत अखिल भारतीय कॅथॉलिक विद्यापीठ संघाचा उगम झाला. आरंभी हेतू साधा होता: घर सुटलेल्या तरुणाची श्रद्धा सुटू नये. पण तरुण मंडळी एकत्र बसली की प्रार्थनेवर थांबत नाहीत. पिएर सेराक या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी या संघाच्या विद्यार्थ्यांना श्रमशिबिरांसाठी खेड्यांकडे नेले. आणि १९७० साली मद्रासजवळील पूनमल्लीच्या अधिवेशनात त्यांनी असा निर्धार केला, की जो अन्यायी समाज आपल्या वाट्याला आला तो तसाच मागे ठेवून आपण जाणार नाही. आपल्यापुरते जपण्यासाठी जमलेली माणसे दुसऱ्याचे दुःख पाहू लागली, हे आम्हांला या इतिहासाचे मर्म वाटते.

आता भाषेकडे येतो. १९६३ साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने लॅटिनच्या जोडीस लोकभाषांना उपासनेत स्थान दिले. वसईच्या ख्रिस्ती माणसाला आपल्या देवळात मराठी मिस्सा लाभली. पण जेथे लोकच अनेक भाषांचे, तेथे लोकभाषा म्हणजे कोणाची? कर्नाटकात कन्नड, तमिळ आणि कोंकणी यांच्यामुळे या प्रश्नाने पुढे कटुताही आणली. लॅटिन सर्वांनाच सारखी परकी होती. मातृभाषा आली आणि तिच्यासोबत शेजाऱ्याची भाषाही आली.

विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हा पेच रोजचा. इंग्रजीत सभा चालविणे सोयीचे. परंतु कन्नड शाळेतून आलेली खेड्यातील मुले मग शेवटच्या बाकावर मुकी होऊन बसतात. एकदा वसईकडून शिकावयास आलेल्या एका मुलाशी आमचा परिचय झाला. तो कन्नड गायकवृंदात गातो हे कळताच आम्ही त्याला विचारले, “अरे, अर्थ तरी समजतो का?” तो म्हणाला, “सगळा नाही समजत, काका. पण मिस्सेचा क्रम तोच आहे ना! केव्हा उभे राहायचे, केव्हा गुडघे टेकायचे, केव्हा ‘आमेन’ म्हणायचे, ते ठाऊक असते. आणि शेवटच्या बाकावरची मुले मला शब्द सांगतात. तेव्हा ती खूप बोलतात.”

त्याचे शेवटचे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले आहे. इंग्रजी सभेत मुकी असणारी मुले एका परक्या मुलाची गुरू झाली होती. त्याने आपली मराठी टाकली नव्हती. रात्री तो घरच्याच शब्दांत प्रार्थना करीत असे. मात्र चारचौघांत त्याने शिष्याची जागा पत्करली, आणि त्या एका कृतीने मेळाव्यातील अबोला मोडला. धर्मगुरूंची दहा प्रवचने जे साधू शकली नसती ते एका चुकलेल्या उच्चाराने साधले.

आपणही बदलीच्या गावी मंडळे काढतो, गणपती बसवितो, मराठी नाटकाच्या तालमी करतो. तसे करणे योग्यच आहे. ज्याला आपली भाषा जपता येत नाही त्याने दुसऱ्याच्या भाषेचा आदर कशाच्या आधारावर करावा? पण मंडळाच्या आरतीला खालच्या मजल्यावरचे कन्नड कुटुंब आले, तर त्यांना प्रसादाची वाटी देऊन आपण मोकळे होतो, की त्यांच्याकडून एखादे देवरनाम शिकून घेतो? आम्हांला वाटते, परगावच्या प्रत्येक मंडळाची खरी परीक्षा तेथे आहे. आरतीचा क्रम आपल्याला पाठ आहे, तो कोणी हिरावून नेत नाही. तेवढ्या भरवशावर एखादे कडवे शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावयास आणि आपल्या वेड्यावाकड्या उच्चारांत म्हणावयास काय हरकत आहे?