झीज की छाप?

नाणे जितके लख्ख तितकी त्याची किंमत कमी, हे ऐकले त्या दिवसापासून माझे डोके चक्रावले आहे. माणदेशातल्या आमच्या म्हसवडला तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासल्याशिवाय सणाला तोंड लागत नाही. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघायच्या आधी तर घरोघरी हाच उद्योग. आणि इथे नाण्यांच्या नादातले एक निवृत्त गुरुजी मला बजावतात, "ताई, चिंच लावलेला पैसा माझ्यापुढं आणू नका. त्याचं कातडं गेलेलं असतं." कातडे म्हणजे वर्षानुवर्षे हवा लागून तांब्यावर धरलेला तपकिरी थर. तो गेला की खालचे तांबे गुलाबी, बोडके दिसते आणि जाणकार हातात न घेताच मान हलवतो.

मला हा नाद लागला तो मोडीच्या दुकानात. फुटकी घागर घालायला गेले आणि काउंटरवरच्या डब्यात हात घालून बसले. पूर्वी असले पैसे वजनावर मिळायचे म्हणे. आता दुकानदारालाही भाव कळलाय, आणि जे त्याला कळत नाही त्याचा भाव तो दुप्पट सांगतो.

डब्यात शिवराया, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे पैसे, होत्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', असे पुस्तकात छापलेले असते. माझ्या हातातल्या शिवराईवर एक 'जा', अर्धा 'श्री' आणि मागे 'पति' एवढेच. फार झिजलीय, असे म्हणत मी ती बाजूला सारली, तर गुरुजींनी ती पुन्हा खिडकीपाशी नेली, तिरप्या उजेडात धरली आणि माझे बोट त्या 'जा'वरून फिरवले. काना नखाला अडला. कडा उभ्या होत्या. "ही झिजलीच नाही. हिच्यावर बाकीची अक्षरं कधी उमटलीच नाहीत." ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, हातोड्याचा घाव बसला तेव्हा जेवढे चकतीवर मावले तेवढे आले. दुसऱ्या शिवराईवर अक्षरे बरीचशी होती, पण विरघळल्यासारखी. ती खरी झिजलेली. वाचता येणारी कमी दर्जाची, न वाचता येणारी वरची!

'छत्र' आणि 'पति'च्या मध्ये दोन आडव्या रेघा असल्या की ती दुदांडी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत या दुदांड्या पडत राहिल्या. पेशवाईत टांकसाळीचे परवाने खाजगी लोकांनाही मिळत, त्यामुळे 'शिव'चा कुठे 'सिव' झाला तर कुठे 'शीव'. शुद्धलेखनाचे गुण मी कापायला निघाले होते, गुरुजींनी अडवले.

नाण्यांना गुण देण्याची जी पद्धत आता बऱ्याच ठिकाणी चालते, ती 1 ते 70 ची. विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने ती 1949 साली मांडली, तीही त्यांच्याकडच्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. यंत्रावर पाडलेल्या नाण्याला ती शोभते, कारण पूर्ण नाणे कसे दिसायला हवे हे तिथे ठरलेले असते. गुरुजींच्या अल्बमात अर्जेंटिनाचे 2 सेंटाव्हो आहेत, 1882 ते 1896 या काळात ब्राँझमध्ये पाडलेले. त्यांना गुण घालणे मलासुद्धा जमते. देवीच्या गालावरचे आणि केसांवरचे उंचवटे किती सपाट झालेत ते पाहायचे, बस्स. आपल्याकडे तेव्हा पाव आणा, म्हणजे एक पैसा, तांब्याचाच होता. ब्राँझ आले 1906 मध्ये, आणि पैशाचे वजन 6.47 ग्रॅमवरून 4.85 वर उतरले.

त्याच डब्यात 1877 चा पाव आणा सापडला. राणीचा गाल सपाट, वेणी पुसट, झग्यावरच्या नक्षीच्या जागी नुसता फुगवटा. अक्षरे मात्र वाचता येतात : 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. आदल्या वर्षापर्यंत तिथे 'क्वीन' असे. 1 जानेवारी 1877 ला दिल्ली दरबारात तिला सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. त्याच महिन्यात, इथे दुष्काळ चालू असताना, मुंबई सरकारने दुष्काळी कामांवरची मजुरी उतरवली : पुरुषाला पौंडभर धान्याची किंमत आणि वर एक आणा, बाईला त्याहून कमी. एक आणा म्हणजे असे चार पैसे. आमच्याजवळचा राजेवाडीचा तलाव, कागदोपत्री 'म्हसवड तलाव', याच दुष्काळात मजूर लावून सुरू झालेला. तेव्हा माणदेशच्या बाया माती वाहायला तिथे जात असणार.

मी पाकिटावर 'राजेवाडी, दुष्काळ' असे लिहायला घेतले. गुरुजींनी पेन काढून घेतले.

"पुरावा आहे?"

"नाही, पण साल तर तेच आहे ना?"

"मग साल लिहा. दर्जा फाईन, 12. कुठं मिळाला : मोडीचं दुकान, म्हसवड. तारीख टाका. बाकीचं घरी वहीत."

तसे लिहिले. त्या 'जा'वाल्या शिवराईच्या पाकिटावर दर्जाची जागा मात्र रिकामीच आहे. गुरुजी म्हणतात झीज आणि छाप यांचे गुण वेगवेगळे लिहा. मी म्हणते मग 70 पैकी कशाला म्हणायचे? यावर आमचे अजून जमलेले नाही.