नवा कूलर आणि तोच ताप

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी संगणकाची खरी परीक्षा मे-जूनमध्ये होते. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत निकाल लागतात, प्रवेशाचे अर्ज भरले जातात, आपले सरकार सेवा केंद्रांवर उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी गर्दी उसळते. मशीन हळू चालू लागते, मध्येच बंद पडते. प्रोसेसर तापतोय, कूलर बदलून घ्या, असा सल्ला मिळतो आणि कूलर बदललाही जातो. ताप मात्र तसाच राहतो, कधी तर वाढतो. इथून पुढे तर्क सुटतो आणि खर्च सुरू होतो. कोणी महागडी पेस्ट मागवतो, कोणी कॅबिनेटचे दार काढून समोर टेबलफॅन लावतो, तर कोणी प्रोसेसरच गेला असे जाहीर करून टाकतो. माझे म्हणणे असे की, कूलर बदलल्यानंतर ताप वाढला तर पहिला संशय नव्या कूलरच्या ताकदीवर घेऊ नये, त्याच्या बसण्यावर घ्यावा. हा संशय खरा की खोटा, हे एकही स्क्रू न उघडता, घड्याळाकडे पाहून बऱ्याच खात्रीने ठरवता येते.

उष्णता चिपमध्ये तयार होते, चिपवरच्या धातूच्या टोपीत येते, तिथून कूलरच्या तळात शिरते, मग फिनमध्ये पसरते आणि शेवटी पंख्याच्या वाऱ्याबरोबर खोलीत जाते. या वाटेवरचा एकच टप्पा माणसाच्या हाताने बनतो, तो म्हणजे टोपी आणि कूलरचा तळ यांच्यामधला सांधा. बाकी सारे कारखान्यातून तयार होऊन येते. हा सांधा किती निर्णायक आहे ते हिशोबानेच कळते. तांबे उष्णता वाहून नेते ती साधारण ४०० वॉट प्रति मीटर प्रति अंश या मापाने, ॲल्युमिनियम २००च्या वर, चांगली थर्मल पेस्ट ५ ते १० आणि हवा ०.०२६. आता प्रोसेसर १०० वॉट उष्णता टाकतो आहे आणि सांध्याचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे असे धरा. तिथे ०.०५ मिलिमीटर जाडीचा पेस्टचा थर असेल तर त्यात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. त्याच जाडीची निव्वळ हवेची फट असेल तर फरक जवळपास १९० अंशांचा येतो. प्रत्यक्षात संपूर्ण सांधा कधीच हवेचा नसतो; एक बाजू टेकते, दुसरी अधांतरी राहते. पण कागदाएवढ्या फटीत केवढा अडथळा दडलेला असतो, याचा अंदाज यावरून येतो. तळ वाकलेला तवा इलेक्ट्रिक शेगडीवर ठेवला की जिथे टेकतो तिथेच भाकरी भाजते, तसाच हा प्रकार.

आता घड्याळाची गोष्ट. ॲल्युमिनियमच्या एका ग्रॅमचे तापमान एका अंशाने वाढवायला ०.९ ज्यूल उष्णता लागते. म्हणजे तळ आणि फिन मिळून अर्ध्या किलोच्या हीटसिंकला एक अंश वर चढायला ४५० ज्यूल लागतात, आणि १०० वॉटचा प्रोसेसर तेवढी उष्णता साडेचार सेकंदांत देतो. पंखा काहीच बाहेर टाकत नाही असे धरले तरी त्या हीटसिंकला ४० अंश चढायला तीन मिनिटे हवीत. धातूला याहून घाई करताच येत नाही. म्हणून प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकल्यावर आकडा दोन-तीन सेकंदांत ४५वरून ९५वर उडाला, तर ती उष्णता हीटसिंकमध्ये पोचलेलीच नाही, वाटेत अडली आहे. लोड काढताच आकडा तितक्याच झपाट्याने कोसळतो आणि फिनला बोट लावले तर त्या कोमटच लागतात. हीच ती खूण. सांधा नीट असून हवा कमी पडत असेल, तर चित्र उलटे दिसते. आकडा पहिल्या क्षणी थोडा उडी मारतो, मग मिनिटामिनिटाने चढत राहतो. हीटसिंक चांगलीच तापते आणि लोड काढल्यावरही आकडा सावकाश उतरतो. दोन्ही मशीन शेवटी ९५वरच येऊन थांबतील. फक्त शेवटचा आकडा पाहणाऱ्याला दोघांचा आजार एकच वाटेल, आणि तो एकाला दुसऱ्याचे औषध देईल.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो बिनबुडाचा नाही. आजकालच्या चिपमध्ये नखाएवढ्या जागेतून शंभरावर वॉट निघतात, त्यामुळे सांधा उत्तम असला तरी पहिल्या सेकंदाला आकडा उडणारच. शिवाय एएमडीने २०२२ साली रायझन ७००० मालिका आणली तेव्हा ९५ अंश हे त्या चिपचे पूर्ण लोडखालचे नेहमीचे तापमान आहे, असे स्वतःच सांगितले होते. मग उडीला दोष कसा मानायचा? पहिल्या उडीचे १५-२० अंश चिपच्या आतल्या वाटेचे असतात, हे मान्य. म्हणून उडी आहे की नाही, याला महत्त्व नाही. उडी केवढी आणि त्यानंतर काय होते, हे पाहायचे. उडीनंतर आकडा सावकाश चढत असेल तर उष्णता पुढे सरकते आहे. उडीतच तो कमाल मर्यादेला जाऊन चिकटला आणि फिन थंड राहिल्या, तर ती पुढे सरकत नाही. जी चिप मुद्दाम ९५ला चालवण्यासाठीच बनवली आहे, तिच्याबाबत तापमानाऐवजी ती किती वॉट ओढते आणि किती गिगाहर्ट्झवर टिकते ते पाहावे. एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्राम हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवतो. ९५ अंशांवर पूर्ण वॉट मिळत असतील तर मशीन निरोगी आहे. ९५वर वॉटच घसरले असतील तर सांधा तपासा.

दुसरा आक्षेप आपल्या भागाचा आहे: विदर्भाचा उन्हाळाच असा, त्याला कूलर तरी काय करणार? उन्हाळ्याचा वाटा नक्की किती, हे वजाबाकीने काढता येते. कूलर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. ठरावीक वॉटवर तो चिपला खोलीपेक्षा ठरावीक अंश वर ठेवतो. समजा तो फरक ४५ अंशांचा आहे. डिसेंबरात खोली २२ असेल तर प्रोसेसर ६७वर राहील, मे महिन्याच्या अखेरच्या नवतपात खोली ४२ असेल तर ८७वर. चिप तापली की ती वीजही किंचित जास्त खाते, म्हणून आणखी एखाद-दुसरा अंश धरा. बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. म्हणजे सांधा नीट असलेले मशीन लाखनीच्या मे महिन्यातही मर्यादेच्या आत राहायला हवे. उन्हाळा वीस अंश वाढवतो, चाळीस नाही. म्हणूनच खोलीचे तापमान न सांगता सांगितलेले प्रोसेसरचे तापमान मला अर्धवट माहिती वाटते. भिंतीवरचा साधा तापमापक या कामात महागड्या पेस्टपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मग कूलर नीट का बसत नाही? इंटेलच्या डब्यात येणाऱ्या बहुतेक कूलरना चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. २००४च्या एलजीए ७७५ सॉकेटपासून ही पद्धत चालत आली आहे. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर एक बाण असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. तो बाण खुंटी सोडवण्याची दिशा दाखवतो. बरेच जण खुंटी दाबून झाल्यावर ती पक्की करायची म्हणून बाणाच्या दिशेने फिरवतात, आणि बसलेली खुंटी आपल्या हाताने सैल करतात. बरोबर रीत अशी: आधी चारही डोकी बाणाच्या उलट फिरवून ठेवायची, मग कर्णातल्या समोरासमोरच्या दोन खुंट्या एकदम दाबायच्या, टक असा आवाज ऐकायचा, मग उरलेल्या दोन. एवढ्याने संपत नाही. बोर्डाच्या मागून पाहायचे: पांढऱ्या पायांच्या मधून काळी पिन पूर्ण बाहेर आली आहे का आणि पाय फाकले आहेत का? बोर्ड कॅबिनेटमध्येच ठेवून हे काम केले तर दाबताना बोर्ड खाली लवतो आणि मागची बाजू दिसतच नाही. त्यामुळे बोर्ड बाहेर काढण्याचा कंटाळा करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात पंधरा मिनिटे जातात. चुकीचा भाग मागवला तर नागपूरहून तो येईपर्यंत केंद्र बंद राहते.

स्क्रूच्या कूलरमध्ये चूक वेगळी होते. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की तळ तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला सरकते. चारही स्क्रू कर्णाच्या क्रमाने, दोन-दोन फेरे देत आवळायचे. पण सगळ्यांत फसवी चूक मापाची. नोव्हेंबर २०२१मध्ये इंटेलच्या बाराव्या पिढीबरोबर एलजीए १७०० सॉकेट आला. त्यात कूलरच्या भोकांमधले अंतर ७५ऐवजी ७८ मिलिमीटर झाले आणि प्रोसेसरची बसलेली उंचीही एक मिलिमीटरपेक्षा थोड्या कमी अंतराने खाली गेली. काही मदरबोर्डांवर सोयीसाठी दोन्ही मापांची भोके ठेवलेली असतात. जुना कूलर त्यांत बसतो, पंखा फिरतो, सारे ठीक दिसते. पण तळ पुरेसा दाबलाच जात नाही. अशा कूलरला एलजीए १७००चे वेगळे किट लागते. आणि तळावरची संरक्षक प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म काढायची राहून जाणे, ही क्षुल्लक वाटणारी गोष्टही घडते. कूलर उलटा करून पाहिल्याशिवाय ती कळत नाही.

पेस्टबद्दल लोकांचा जेवढा विश्वास आहे, तेवढी तिची करामत नाही. वरच्याच हिशोबात पेस्ट ५ऐवजी १०ची घेतली तर एका अंशाचा फरक अर्ध्यावर येतो. प्रत्यक्षात उष्णता चिपच्या लहानशा भागातून येत असल्याने दोन-चार अंशांचा फायदा होऊ शकतो, पण ९५चे ६५ पेस्टने होत नाहीत. थर मात्र पातळ हवा. दाब कमी पडून तोच थर अर्धा मिलिमीटर जाड राहिला तर दहा अंश तिथेच गेले. म्हणून पेस्ट बदलून बरे वाटले, असे कोणी सांगितले तर माझा अंदाज असा की, पेस्ट बदलताना कूलर पुन्हा बसवला गेला आणि या वेळी तो नीट बसला. याची शहानिशा करता येते. कूलर काढल्यावर पेस्टचा ठसा पुसण्याआधी त्याचा फोटो घ्यावा. मध्यभागी पातळ, जवळपास पारदर्शक आणि कडेला समान बाहेर आलेला ठसा असेल तर दाब बरोबर होता. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कोरडा असेल तर कारण तुमच्यासमोर आहे. एकदा काढलेला कूलर त्याच पेस्टवर परत टेकवू नये, तिच्यात हवेचे बुडबुडे राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठे पुसून नवी पेस्ट लावावी. एएम४ सॉकेटचा रायझन असेल तर काढण्यापूर्वी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग बंद करून कूलर हलकेच पिळत काढावा. सरळ ओढला तर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

दोष नेहमी सांध्यातच असतो असे मी म्हणत नाही. पंख्याची वायर सीपीयू फॅनच्या जागी न लावता कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी लावली तर प्रोसेसर तापला तरी पंख्याला ते कळतेच असे नाही. टॉवर कूलरचा पंखा उलटा बसला तर तो मागच्या पंख्याशी भांडत राहतो. काही बोर्डांचे बायोस कोणता कूलर लावला ते विचारते आणि मोठा कूलर सांगितला की वीज-मर्यादा वाढवून ठेवते. मग पूर्वी ६५ वॉटवर रोखलेला प्रोसेसर ११७ किंवा त्याहून जास्त ओढतो आणि नवा कूलर चांगला असूनही आकडा जुनाच दिसतो. भंडारा जिल्ह्यात धानाचा कोंडा आणि रस्त्याची धूळ यांची भर आहेच. खोलीतल्या वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवले तर खोली थंड होते हे खरे, पण ओलसर हवेत तीच धूळ फिनवर घट्ट थर धरते आणि फुंकरीने निघत नाही. या सगळ्या कारणांत हीटसिंक तापते किंवा वॉट वाढलेले दिसतात, आणि घड्याळाची कसोटी त्यांना सांध्याच्या दोषापासून वेगळे काढते.

प्रोसेसर आता स्वतःला वाचवतो, मग एवढी चिंता कशाला, असेही विचारले जाते. २००१ साली टॉम्स हार्डवेअरने चालू मशीनवरून हीटसिंक काढून दाखवली होती. तेव्हा एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत जळाला, इंटेलचा पेंटियम ४ मात्र वेग कमी करून तगला. आजचा प्रत्येक प्रोसेसर त्या पेंटियमसारखाच वागतो. पण वेग कमी करणे म्हणजेच बिघाड लपवणे. रांगेतल्या विद्यार्थ्याचा अर्ज अडतो, पोर्टलचे सत्र संपते आणि दोष इंटरनेटवर जातो. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात चिपजवळ थेट पाणी नेऊन उष्णता काढली जाते. तिथेही पाण्याची पट्टी चिपवर सपाट टेकावीच लागते. सेवा केंद्रातल्या मशीनला यातून सूट मिळणार नाही.

म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांना आणि करून घेणाऱ्यांना एक विनंती. जुना कूलर काढण्यापूर्वी खोलीचे तापमान, लोड नसतानाचा आकडा, पूर्ण लोडचे वॉट, पहिल्या पाच सेकंदांतली उडी आणि दहा मिनिटांनंतरचा आकडा कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एका चिठ्ठीवर लिहून चिकटवा. नवा कूलर बसवल्यावर तेच पुन्हा मोजा. दोन्ही वेळचे आकडे हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका आणि घेऊही नका.