कांपाल ते मिरामार

आमच्या घरी करमणुकीला पैसे नव्हते, पणजीचं कांपाल होतं. रविवारी संध्याकाळी वडील आम्हा भावंडांना तिथल्या बागेत मोकळं सोडत. मग मांडवी उजव्या हाताला ठेवून मिरामारपर्यंत पायी. खर्च चण्यांच्या पुडीचा तेवढा. नदीपलीकडे रेइश मागुशचा किल्ला दिसे. तेव्हा तो तुरुंग होता. आमची मस्ती वाढली की वडील नुसतं तिकडे बोट दाखवत.

1973च्या ऑगस्टमध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले. पुढे मिरामारला वाळूलगत त्यांची समाधी झाली. आई तिथं चपला काढून हात जोडी. आम्ही तोवर पाण्यात.

5 जुलै 1986ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. माझी नोकरी म्हापशाला. इतकी वर्षं काठावरून बघायची नदी आता रोज ओलांडायची झाली. बेतीची फेरीबोट, वरून पाऊस, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, आणि पलीकडे पोचल्यावर बससाठी झुंबड. 1992ला नवा पूल आला तोवर नदीवरचं माझं प्रेम बरंच पातळ झालं होतं.

ते पुन्हा जुळवलं कला अकादमीनं. वास्तुकार चार्ल्स कोरियांची ही इमारत मला आवडते ती ती वाट अडवत नाही म्हणून. रस्त्यावरून आत शिरावं, सावलीतून चालत थेट नदीकाठी निघावं. ‘काय काम आहे?’ असं कुणी विचारत नाही. मराठी नाट्यस्पर्धेला गावोगावची मंडळं इथं उतरत. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात अंक बघायचा आणि मध्यंतरात काठावर येऊन नटांची उणीदुणी काढायची. नाटकं पुष्कळशी विसरले. उणीदुणी पाठ आहेत.

2004ला इफ्फी हा चित्रपट महोत्सव गोव्यात आला. तेव्हापासून महोत्सव आला की पदपथ घासूनपुसून निघतो, झाडांवर दिव्यांच्या माळा चढतात. त्याचं मला काही नाही. कॅसिनोंचं आहे. पात्रात नांगरलेल्या त्या बोटी रात्रभर झगमगतात, आणि नदीचा तेवढा तुकडा कुणीतरी आपल्या नावावर करून घेतल्यासारखं वाटतं. बोटी हलवू, असं निवडणुकांत पुष्कळदा ऐकलं.

काठ मात्र अजून फुकट आहे, म्हणून जाते. गुडघे कुरकुरतात, तरी मिरामारच्या सुरूंपर्यंत पोचते. तिथं जत्राच असते. जीवरक्षक लाल झेंड्याकडे हात करून शिट्ट्या मारत असतात, आणि घाटावरून आलेली मंडळी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून त्यांचेच फोटो काढतात.