हवेची पकड

वसईच्या कारखान्यात चार वर्षे राबून दादा सूर्यमाळला परतला, तो हप्त्याने घेतलेला जुना सीएनसी राउटर घेऊनच. लाकूड धरायला त्याने टेबल मात्र घरीच केले. एमडीएफच्या फळीवर आडव्या-उभ्या चरी पाडल्या, कडेने रबराची दोरी बसविली, खालून व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडली. वर प्लायवूड ठेवून बटण दाबले, तर ते मला तसूभरही हलवेना!

"दादा, हे खालून ओढतं का?"

"नाही रे, वरची हवा दाबते."

दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा सुमारे एक किलो भार असतो. खालची थोडी हवा काढली, की तो भार कामाला लागतो.

बोहाड्याचे मुखवटे कोरणारे काका लाकूड पायांत धरतात. त्यांनी विचारले, "अन् वीज गेली तर?"

"पकड सुटते, काका."

काका हसले. "मग ढोबळ काम तू कर. डोळे मी कोरीन."

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कितीतरी माणसे वीटभट्ट्यांवर जगायला जातात. यंदा दादा गेला नाही. राउटरचे हप्ते फिटले, तर पुढल्या वर्षीही जाणार नाही.