मुतखड्यास, अणदूरहून

मुतखड्या,

तुझी पहिली ओळख बहुतेकांना अचानक होते. बरगडीखाली पाठीत एका बाजूला कळ उठते, जांघेकडे उतरते, माणसाला कूस सापडत नाही, उलट्या होतात. घरीच बाळंत झालेल्या बाया सांगतात, बाळंतपण परवडलं, पण ही कळ नको. हे पत्र उघडं लिहितो आहे, कारण आमच्या भागात तुझा दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो आणि खरं कारण तसंच राहतं.

पहिलं बोट जातं बोअरकडे. ‘पाणी जड आहे, म्हणून खडे होतात.’ असं वाटण्याला कारणही आहे. आमची जमीन बेसाल्टच्या काळ्या खडकावर बसलेली. पावसाचं पाणी भेगांतून मुरताना कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जातं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो. तोच थर पोटातही धरत असणार, असं कुणालाही वाटेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोयच नसेल तर ६००. त्याहून जड पाणी ज्यांच्या नळाला येतं, त्यांनी चांगलं पाणी मागितलंच पाहिजे. पण जड पाण्यामुळे तू होतोस, याला पक्का पुरावा अजून मिळालेला नाही. निरनिराळ्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

तू बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतोस. एवढं कानावर पडलं की लोक दूध-दही सोडतात, आणि तिथे तुझं फावतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. ते कमी पडलं की मोकळं ऑक्झलेट लघवीत उतरतं. १९९३ साली अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आहारात कॅल्शियम जास्त असणाऱ्यांना त्यात खडे कमी झाले होते. मुलांच्या वाट्याचं दूध मुतखड्याच्या भीतीने तोडणाऱ्या घरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

तुझं खरं बळ उन्हात आणि तहानेत आहे. घाम गेला की शरीर पाणी राखून ठेवतं, लघवी थोडी आणि गडद होते, क्षार तेवढेच राहतात. विरघळायला पाणी पुरलं नाही की स्फटिक धरतात. कुवेत-इराकच्या वाळवंटात गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी ज्यांना तू झालास, त्यांना तिथे पोचल्यापासून सरासरी ९३ दिवसांत झालास. एक उन्हाळा तेवढ्याला पुरतो. इटलीतल्या पार्मा शहरात तू एकदा होऊन गेलेल्या लोकांचे दोन गट करून पाच वर्षं पाहिलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत शंभरातल्या १२ जणांना तू पुन्हा झालास, इतरांत २७ जणांना.

म्हणून डॉक्टर सांगतात, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. आमच्याकडे हे पाळणं किती अवघड आहे, ते इथल्या बाईला विचार. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. असल्या वर्षांत घरात हंड्यांचा हिशेब असतो आणि पिण्याचा वाटा सगळ्यात आधी घरची बाई आपल्यातून कापते. पाणी असलं तरी ती पीत नाही, कारण जायचं कुठे? सोयाबीनच्या रानात, ऊसतोडीच्या फडावर, आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर दार लागेल असं स्वच्छतागृह नसेल तर सकाळी घोटभर पाणी पिऊन ती संध्याकाळपर्यंत तोंड कोरडं ठेवते. शाळेतल्या मुलीही हेच शिकतात. पाठीवर ऊन, पोटात पाणी नाही आणि लघवी तुंबवलेली. तुझी पर्यावरणातली कारणं लिहायची तर मी बंद पडलेलं स्वच्छतागृह बोअरच्या आधी लिहीन.

आता तुला ओळखण्याबद्दल. पोटाला तोंड लावून खडा ओढून काढून दाखवणारे लोक अजून आहेत. पानफुटी, हुलग्याचं कढण, बीअर हे सल्ले तर घरोघरी मिळतात. नेमकं तेव्हाच दुखणं थांबतं, आणि गुण आला असं सगळे मानतात. पण तू जागचा हललास किंवा मूत्रपिंडाखालच्या नळीत मुकाट अडकून बसलास तरी दुखणं थांबतं. अडकलास तर लघवी मागे साचत राहते आणि त्या बाजूचं मूत्रपिंड काहीही न दुखता निकामी होऊ शकतं. कळ थांबल्यावरही सोनोग्राफी करायची ती यासाठी.

उलटी चूकही होते. वाकून खुरपणाऱ्या बाईची प्रत्येक पाठदुखी तुझ्या खात्यावर जाते. अपेंडिक्स किंवा गर्भनळीतला गर्भ तुझ्यासारखाच दुखू शकतो. म्हणून आधी लघवीची तपासणी, बाईची गर्भधारणेची चाचणी, मग सोनोग्राफी. नळीच्या मधल्या भागात अडकलेला खडा आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. युरिक ॲसिडचा असलास तर साध्या एक्स-रेतही उमटत नाहीस. शंका उरली तर साधं, बिनाऔषधाचं सीटी स्कॅन लागतं, आणि त्यासाठी आमच्या माणसाला सोलापूर गाठावं लागतं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलास तर बहुतेकदा आपणहून पडतोस, शस्त्रक्रियेची घाई नको. पण कळेबरोबर थंडी-ताप आला, लघवी बंद झाली किंवा मूत्रपिंड एकच असलं तर एक रात्रही थांबायचं नाही.

धोक्याची ही लक्षणं विचारायला मोठं यंत्र लागत नाही. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि खेड्यातल्या बायांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं. चार इयत्ता शिकलेली बाईसुद्धा गावचं आरोग्य सांभाळू शकते, हे या गावाने पाहिलं आहे. ताप आहे का, लघवी होते का, दिवस गेलेत का, हे तिने विचारलं तर कुणाला लगेच गाडीत घालायचं ते ठरतं. रानात जाणाऱ्या बाईला तिनेच सांगावं की पाण्याची बाटली बरोबर ठेव, लघवी फिकी दिसेपर्यंत पी, लिंबू पीळ, मीठ कमी कर. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच अशक्त असलेल्यांनी मात्र पाण्याचं माप डॉक्टरांना विचारावं.

आणि तू पडलास तर तुला गटारात जाऊ द्यायचं नाही. लघवी फडक्यातून गाळून, स्वच्छ डबीत घालून तुला तपासायला पाठवायचं. तू ऑक्झलेटचा, युरिक ॲसिडचा की जंतुसंसर्गातून वाढलेला, ते कळलं तरच तू पुन्हा होऊ नयेस म्हणून काय खायचं आणि काय टाळायचं, ते ठरवता येतं.

– अणदूरचा एक रहिवासी